आवडली म्हणवत नाही, सोडवतही नाही: संथ, काळोख्या कादंबरीत मध्यावर अडकलेल्या वाचकाला

आलेला प्रश्न थोडक्यात देते. 430 पानांची कादंबरी आहे आणि वाचक 212व्या पानावर अडकले आहेत. कादंबरीतल्या शहरात रात्र दर महिन्याला काही मिनिटांनी लांबते आहे, दिवस आखडतो आहे, आणि का ते कोणालाच कळत नाही. नायक उजेडाचं वाटप करणाऱ्या कचेरीत कारकून आहे. कोणत्या घराला किती दिवे दिले याच्या तो नोंदी करतो. दोनशे पानांत यापलीकडे फारसं काही घडलेलं नाही. वाचक लिहितात: "भाषा सुंदर आहे, पण पुढे जाववत नाही. वाचून उठलं की जड वाटतं. बाजूला ठेवलं तर दिवसभर तेच डोक्यात. मला ज्यांच्या मताबद्दल आदर आहे ते सगळे या पुस्तकाची तारीफ करतात. मी कमी पडतोय की पुस्तकच रटाळ आहे? सोडून देऊ का? आणि शेवटचं प्रकरण आधी वाचलं तर पाप लागेल का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. नाही, लागणार नाही. का, ते नंतर सांगते.

पुस्तकाचं नाव तुम्ही दिलं नाहीत ते बरंच केलंत. नाव कळलं असतं तर मी पुस्तकाबद्दलच बोलत बसले असते. आता तुमच्या वाचण्याबद्दल बोलता येईल. सव्वीस वर्षं मी कादंबऱ्यांचं संपादन करते आहे. त्यातल्या बऱ्याचशा 'असं झालं तर काय' या जातीच्या, हल्ली ज्यांना स्पेक्युलेटिव्ह म्हणतात त्या. आवडो न आवडो, मला त्या शेवटच्या पानापर्यंत वाचाव्या लागतात, तेही दोन-तीनदा. त्यामुळे 212व्या पानाची ती जागा माझ्या चांगल्या ओळखीची आहे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तुम्ही 'संथ आणि काळोखी' असं एका दमात लिहिलं आहे, आणि घोडं तिथेच पेंड खातंय. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. कॉर्मॅक मॅकार्थीची 'द रोड' (2006) घ्या. जगाची राख झालेली, बाप आणि मुलगा चालताहेत, वाटेत माणसाने माणसाचं काय केलं ते दिसत राहतं. याहून काळोखी कादंबरी शोधायला कष्ट पडतील. पण संथ? छोटे छोटे परिच्छेद, प्रकरणं नाहीत, थांबायला पायरीच नाही. मी ती दोन बैठकांत संपवली होती. उलट स्तानिस्लाव लेम यांच्या 'सोलारिस'मध्ये (1961) नायक अवकाशस्थानकाच्या ग्रंथालयात शिरतो आणि पुढे पानंच्या पानं सोलारिस या ग्रहावरच्या महासागराविषयी आजवर मांडलेल्या सिद्धांतांचा इतिहास चालतो. तिथे अंगावर येणारं काही नाही, नुसता संथपणा आहे. (आणि तरी माझ्या मते त्या कादंबरीतली खरी हताशा त्याच पानांत आहे. कपाटांमागून कपाटं भरली आणि कळलं काहीच नाही.)

तुमची अडचण दोन्हींपैकी कोणती, हे ओळखायची माझी खूण अगदी साधी आहे. कंटाळा वाचतानाच येतो. नजर ओळीवरून फिरते, मन भलतीकडे जातं, आणि पुस्तक मिटलं की काही शिल्लक राहत नाही. काळोखाचं उलट आहे. वाचताना माणूस गुंतलेला असतो, ओझं नंतर जाणवतं. तुम्ही लिहिता, उठल्यावर जड वाटतं आणि दिवसभर तेच डोक्यात. रटाळ पुस्तक दिवसभर कोणाच्या डोक्यात राहत नाही. तेव्हा गोष्ट सरकत नाही ही तुमची तक्रार वरवरची आहे असं मला वाटतं. ती दुसऱ्याच कशाच्या तरी अंगावर घातलेला सदरा आहे.

ते दुसरं काय, ते सांगायला थोडं आडवळण घ्यावं लागेल.

या जातीच्या कादंबरीला थोडा संथपणा जन्मतःच चिकटलेला असतो. नेहमीच्या जगातल्या गोष्टीत लेखक 'दार वाजलं' एवढं लिहून मोकळा होतो. बाकीचं आपण आपल्या खिशातून भरतो. तुमच्या त्या लांबत्या रात्रीच्या शहरात दार वाजलं, तर आधी कळायला हवं की दिवे मालवल्यावर बाहेर पडायची परवानगी कोणाला असते, दार उघडणाऱ्याच्या घरात किती उजेड शिल्लक आहे, आणि तो दिसू देणं धोक्याचं आहे का. एकेका वस्तूची किंमत आधी चुकती करावी लागते. पण हा खर्च पहिल्या पन्नास-साठ पानांत, फार तर शंभरात भागायला हवा. 212व्या पानावरचा संथपणा या खात्यात टाकता येत नाही.

तिथे लेखकाचं काही दुसरं चाललेलं असतं. निदान चांगल्या लेखकाचं. तो तुम्हाला सवय लावत असतो.

योको ओगावा यांची 'द मेमरी पोलीस' मूळ जपानीत 1994 साली आली, इंग्रजीत 2019 साली. एका बेटावर एकेक वस्तू नाहीशी होत जाते आणि तिच्याबरोबर तिची आठवणही. गुलाब जातात, लोक पाकळ्या नदीत सोडून देतात. कॅलेंडरं जातात. दर वेळी गावात थोडी अस्वस्थता, थोडी कुजबुज, आणि मग रोजची कामं सुरू. वाचताना पहिल्या वस्तूला आपण हळहळतो. दुसरीला थोडं कमी. पाचव्या-सहाव्या वस्तूपर्यंत आपण पुढे काय जाणार याचा अंदाज बांधायला लागतो, आणि मग एका क्षणी ध्यानात येतं की आपणही त्या बेटावरच्यांसारखेच झालो आहोत. हे तीस पानांत साधत नाही. सवय लागायला वेळ लागतो आणि तो वेळ पानांच्याच रूपाने द्यावा लागतो. (त्या कादंबरीतली लेखिका ज्याला घरात लपवून ठेवते तो तिचा संपादक असतो. आमच्या धंद्याला साहित्यात इतकी सहानुभूती क्वचितच मिळते.)

काझुओ इशिगुरो यांची 'नेव्हर लेट मी गो' (2005) तर या बाबतीत फारच निर्दय आहे. शाळेतली भांडणं, एका पेन्सिलींच्या पेटीवरून झालेले रुसवेफुगवे, हरवलेली कॅसेट. निवेदिका कॅथी हे सगळं इतक्या निवांतपणे सांगते की वाचक वैतागतो. मुलं कशासाठी वाढवली जात आहेत हे हळूहळू कळतं, आणि कळल्यावरही तिचा आवाज चढत नाही. 'ही मुलं पळून का जात नाहीत?' हा प्रश्न वाचकांकडून मी असंख्य वेळा ऐकला आहे. मी त्यांना उलट विचारते: तुम्हाला शंका पहिल्यांदा कितव्या पानावर आली? आणि तरी त्यानंतर तुम्ही पेन्सिलींच्या पेटीच्या भांडणात रस घेत होतात की नाही? बहुतेकजण ओशाळतात. मीही ओशाळले होते.

तुमचं जडपण मला या जातीचं वाटतं. कारकून रोज नोंद करतो, दिवे कमी होतात, तो नोंद करतो. पहिल्या पन्नास पानांत तुम्हाला त्याचा राग आला असेल. आता राग येत नाही, फक्त कंटाळा येतो, आणि आपल्याला राग येईनासा झाला हे कुठेतरी टोचतं. हे टोचणं पुस्तकाविषयी कमी आणि स्वतःविषयी जास्त असतं. म्हणून ते आवड-नावडीच्या खणात बसत नाही. म्हणून पुस्तक सोडवतही नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्याकडे एक हस्तलिखित आलं होतं, स्वप्नं पडायची बंद झालेल्या शहराची गोष्ट. नायिका रोज सकाळी जिन्यात शेजारणीला विचारते, "काही पडलं का?" शेजारीण म्हणते, "नाही बाई." हा प्रसंग, थोड्याफार फरकाने, एकेचाळीस वेळा. मी तरुण होते, हातात लाल पेन्सिल होती. एकेचाळीसचे बारा केले, नव्वद पानं उडवली आणि लेखकाला पटवूनही दिलं. मग मुद्रितं आली. शेवटाकडे एक सकाळ अशी येते की शेजारीण उलट विचारते, "काय पडलं?" तिला प्रश्नच कळलेला नसतो. मूळ हस्तलिखितात त्या ठिकाणी माझ्या अंगावर काटा आला होता. मुद्रितात ती एक ओळ होती, बस्स. काटा आणणारं जे होतं ते मी स्वतःच्या हाताने कापलं होतं. साठ पानं परत घातली; छपाईला उशीर झाला तो माझ्यामुळे.

आता दुसरी बाजू, कारण मी संथपणाची वकिली करते आहे असा समज नको. उरलेली तीस पानं परत घातली नाहीत आणि त्यांची उणीव कोणालाही भासली नाही. संथ लिहिणं आणि पाल्हाळ यांतला फरक लेखकांनाही पुष्कळदा कळत नाही, आणि काळोख्या कादंबरीत पाल्हाळ सहज लपतो. वातावरण आहे म्हटलं की सगळं खपतं. धुकं, ओल, पिवळट दिवा, नायक खिडकीशी उभा. मी अशी हस्तलिखितं वाचली आहेत ज्यांत नायक खिडकीशी इतक्या वेळा उभा राहतो की घराला दार आहे की नाही अशी शंका यावी.

फरक ओळखायचा तर पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टीवर बोट ठेवायचं. तुमच्या कादंबरीत ती गोष्ट म्हणजे नोंदवही. पहिल्या प्रकरणातली एक नोंद काढा, शंभराव्या पानाच्या आसपासची एक आणि अगदी अलीकडची एक. शेजारी शेजारी ठेवून वाचा. आकडे बदलले आहेत का? एखादं नाव गळलं आहे का? आधी तो 'कुटुंब' लिहायचा आणि आता 'खोली' लिहितो, असं काही? अक्षर, शाई, वाक्याची लांबी? बदल असेल तर लेखक जागा आहे आणि तुमची नजर निसटली आहे. संथ गद्यात ती निसटतेच. मोठ्या घटनेची वाट पाहताना आपण लहान बदलांवरून घसरत पुढे जातो. तिन्ही नोंदी सारख्याच निघाल्या, नुसती विशेषणं बदललेली असली, तर लेखकाला त्या जगाची कल्पना सुचली पण गोष्ट सुचली नाही. असं होतं. कल्पना एका दीर्घकथेची असते आणि तिला कादंबरीचं अंगरखं चढवलेलं असतं. जी. ए. कुलकर्णींनी 'रमलखुणा'त (1975) 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोनच दीर्घकथा ठेवल्या. स्थळकाळाचा पत्ता नसलेलं, काळोखाने भरलेलं जग, आणि लांबी त्या जगाला पेलवेल तेवढीच. हा हिशेब फार थोड्यांना जमतो.

तरीही निकाल देताना मी हल्ली कचरते. जॉर्ज ऑर्वेल यांची '1984' प्रकाशित व्हायच्या वेळी, 1949 साली, अमेरिकेतल्या बुक ऑफ द मंथ क्लबने मध्यावरचा गोल्डस्टाईनच्या (कादंबरीतल्या हुकूमशाही राजवटीच्या शत्रूच्या) ग्रंथाचा लांबलचक उतारा आणि न्यूस्पीकवरचं, म्हणजे त्या राजवटीने घडवलेल्या भाषेवरचं, परिशिष्ट काढायला सुचवलं होतं. ऑर्वेल यांना त्या वेळी पैशांची ऊब नको होती असं नाही, पण त्यांनी नकार दिला आणि क्लबने पुस्तक तसंच घेतलं. तो उतारा मला आजही जड जातो, खोटं कशाला बोलू. पण क्लबच्या जागी मी असते तर मीही तेच सुचवलं असतं, आणि चुकले असते. परिशिष्ट भूतकाळात लिहिलेलं आहे. म्हणजे ती राजवट कधीतरी संपली असावी, असा एक बारीक कवडसा त्यातून येतो. सबंध कादंबरीत एवढाच, तोही पाठीमागच्या पानांत.

आता सोडू का, याकडे येते. त्याआधी एक रोकडा हिशेब करू. पानाला साधारण 300 शब्द धरले तर 430 पानांची कादंबरी म्हणजे सव्वा लाखाच्या वर शब्द. मिनिटाला सव्वादोनशेच्या गतीने हे साडेनऊ-दहा तासांचं काम आहे. तुम्ही झोपण्याआधी रोज दहा पानं वाचता असं लिहिलं आहे. म्हणजे दहा तासांचं पुस्तक तुम्ही 43 रात्रींवर पसरवलंत. काळोख्या पुस्तकाबरोबर दीड महिना, रोज झोपताना! जड वाटणार नाही तर काय होईल? शिवाय संथ गद्याची लय अंगात भिनायला पहिली सात-आठ पानं जातात, म्हणजे लय लागते न लागते तोच तुम्ही दिवा मालवता. भरधाव रहस्यकथा दहा-दहा पानांनी वाचली तरी चालते, कारण तिथे उत्सुकता रात्रभर पहारा देते. इथे तसं कोणी नाही. उरलेली 218 पानं पाच तासांची आहेत. चार बैठका करा, दिवसाउजेडी, एकेका बैठकीत पन्नास-पंचावन्न पानं. पहिलं पान मोठ्याने वाचा. हसू नका, संथ गद्याची गती डोळ्यांना कळत नाही, जिभेला कळते.

या पद्धतीने पुढची पन्नास पानं वाचूनही नजर घसरतच राहिली, तर खुशाल सोडा. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी 1992 साली वाचकाचे दहा हक्क सांगितले. त्यातला दुसरा पानं गाळण्याचा आणि तिसरा पुस्तक अर्धवट सोडण्याचा. शाळामास्तर होते ते, उनाड वाचकांची बाजू घेण्याचा अधिकार त्यांनी वर्गात कमावला होता.

आणि सोडण्याचं आणखी एक कारण आहे ज्यासाठी पन्नास पानं थांबायचीही गरज नाही. न. चिं. केळकरांनी 1921 साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात वाचनानंदाला 'सविकल्प समाधी' म्हटलं. दुसऱ्याच्या भूमिकेत शिरायचं, पण आपली भूमिका न सोडता. त्या शब्दावर पुढे पुष्कळ काथ्याकूट झाला. माझ्या कामापुरता तो पुरेसा आहे. काळोखी कादंबरी सुसह्य होते ती 'सविकल्प'मुळे: मी कारकुनाबरोबर अंधारात आहे आणि त्याच वेळी खुर्चीतही आहे. पण स्वतःच्या आयुष्यातच उजेड कमी असेल, घरात आजारपण असेल, जवळचं कोणी गेलेलं असेल, तर खुर्ची सुटते. मग ते वाचन राहत नाही, बुडणं होतं. अशा वेळी पुस्तक मिटून ठेवावं. मी स्वतः एक काळोखी कादंबरी दोनदा अशी ठेवली आणि काही वर्षांनी तिसऱ्यांदा संपवली. संपवल्यावरही ती मला आवडत नाही. तिच्यातलं एक दृश्य मात्र आठवड्यातून एकदा तरी आठवतं. हे दोन्ही एकाच वेळी खरं असायला माझी हरकत नाही.

राहिली तारीफ करणारी मंडळी. ती खोटं बोलत नाहीत, पण ती पुस्तक संपवून बोलत आहेत आणि तुम्ही 212व्या पानावरून ऐकता आहात. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांचा 1993 सालचा एक प्रयोग आहे. लोकांना एकदा 14 अंश सेल्सिअसच्या थंड पाण्यात 60 सेकंद हात बुडवायला लावला. दुसऱ्यांदा तेच 60 सेकंद आणि वर आणखी 30 सेकंद, त्यात पाणी हळूहळू 15 अंशांपर्यंत आणलं. पुन्हा एकदा यातलं काय कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबचा प्रकार निवडला. किती वेळ त्रास झाला हे स्मरण नीट धरत नाही. टोकाचा क्षण आणि शेवट धरतं. कादंबरीचा शेवट चांगला असेल तर दोनशे पानांचा कंटाळा लोकांच्या आठवणीतून असाच गळून जातो. त्यांना कंटाळा आलाच नव्हता असं समजून स्वतःला कमी लेखू नका. हवं तर त्यांना थेट विचारा, मध्यावर कसं वाटलं होतं? प्रामाणिक असतील तर हसतील.

आता शेवटचं प्रकरण. ज्या कादंबरीचा जीव 'पुढे काय होणार' यात असतो, तिचा शेवट आधी वाचू नये. तुमची तशी दिसत नाही. मार्लेन हाउसहोफर यांच्या 'दी वांट'मध्ये (1963) एका बाईभोवती अदृश्य भिंत उभी राहते आणि ती एकटी, एक गाय, एक मांजर आणि एक कुत्रा यांच्यासह जगत राहते. बटाटे, गवतकापणी, दूध. कुत्रा मरणार हे ती सुरुवातीलाच सांगून टाकते. एकही प्रकरण नसलेलं ते सबंध पुस्तक आपण त्या माहितीसह वाचतो, आणि कुत्रा अंगणात नुसता धावला तरी घशाशी येतं. शेवट कळल्याने काही बिघडत नाही, उलट दूध काढण्याच्या वर्णनालाही धार चढते.

तेव्हा आज शेवटचं प्रकरण वाचा. वाचल्यावर मधली पानं नकोशी वाटली, तर तुम्हाला फक्त उत्तर हवं होतं आणि ते मिळालं. पुस्तक ज्याचं असेल त्याला परत द्या. पण तो कारकून तिथवर कसा पोचला हे बघावंसं वाटलं, तर 213व्या पानावर या, पेन्सिल घेऊन. नोंदवहीतला प्रत्येक आकडा अधोरेखित करत चला. तीन नोंदी ताडून बघितल्यावर काय आढळलं ते मला जरूर कळवा. तो 'कुटुंब' लिहायचा थांबला आहे का, याची मलाही आता उत्सुकता लागली आहे.